सायकलवाल्या काकांना विचारा : उन्हाळ्यातली बाटली

प्रश्न : काका, मी परभणीत राहतो. शाळा गंगाखेड रस्त्यावर, १४ किलोमीटरवर. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की सायकलनेच जातो. जाताना काही वाटत नाही, पण साडेअकराला निघतो तेव्हा सायकलच्या बॉटल केजमधल्या (दांडीवरच्या बाटली अडकवायच्या पिंजऱ्यातल्या) बाटलीचं पाणी तोंडात घेववत नाही. दुकानदार एक लिटरची स्टीलची व्हॅक्यूम बाटली घ्या म्हणायलाय. घेऊ का?
– एक शिक्षक, परभणी

उत्तर : गुरुजी, घ्या. पण सायकलला लावायला नाही, शाळेत ठेवायला.

तुमचं पाणी रस्त्यावर तापत नाही, ते वर्गातल्या त्या पाच तासांत तापतं. तेवढा वेळ गार ठेवणं व्हॅक्यूमलाच जमतं. दोन भिंतींमधली हवा काढलेली असल्याने उष्णता आत शिरते ती मुख्यतः गळ्यातून आणि झाकणातून. सायकलवर मात्र हीच बाटली गैरसोयीची. स्टील दाबता येत नाही. मान मागे टाकून ओतून घ्यावं लागतं, नाहीतर थांबावं लागतं. आणि थांबायचं म्हटलं की आपण ‘पुढच्या फाट्यावर पिऊ’ म्हणतो, तो फाटाही मागे टाकतो. उन्हात घोट-घोट वरचेवर प्यायलेलं पाणी कामाचं, मग ते जरा कोमट का असेना.

म्हणून रस्त्यासाठी दाबून पिण्याची डबल वॉल प्लास्टिक बाटली वेगळी घ्या. तिच्या दोन भिंतींमध्ये हवा किंवा फोम असतो. मे महिन्यात दीड-दोन तासांपलीकडे तिच्याकडून फार आशा ठेवू नका. पण तुमचा रस्ता तर पाऊण-एक तासाचा. निघताना स्टीलमधलं गार पाणी तिच्यात ओता आणि चला. एक लक्षात ठेवा, जाड भिंतींमुळे आत जागा कमी मिळते. साध्या बाटलीत ७०० मिली मावत असेल, तर तेवढ्याच आकाराच्या डबल वॉलमध्ये ६००च्या आसपास. दुपारच्या उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, त्यामुळे सगळ्यात छोटी बाटली घेण्यात अर्थ नाही.

दुकानात जाताना सुतळीचा तुकडा खिशात असू द्या. नेहमीची बॉटल केज सुमारे ७३-७४ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी असते, म्हणजे बाटलीचा घेर २३ सेंटिमीटर. एक लिटरच्या बऱ्याच स्टील बाटल्या याहून जाड असतात. मग दुकानदार केज फाकवून देतो आणि ‘बसली बघा’ म्हणतो. पहिल्या खड्ड्यात ती कुठं जाते ते आपल्या रस्त्यांवर वेगळं सांगायला नको.

आता बर्फ. गुरुजींना हिशेब आवडेल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. छतावरच्या काळ्या टाकीचं ४० अंशांचं ४०० मिली पाणी घ्या, त्यात २०० ग्रॅम बर्फ टाका. बर्फ वितळायला लागतात १६,००० कॅलरी, आणि पाणी शून्यावर यायला सोडतं तेवढ्याच. म्हणजे टाकीच्या पाण्यालाही एक तृतीयांश बर्फ पुरतो. माठाचं पाणी भरलं तर बर्फ शिल्लकच राहील. बर्फ वेगळा जमवा, व्हॅक्यूमची बाटली पाण्यासकट फ्रीजरमध्ये कधीच ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं; आतली भिंत फुगली की व्हॅक्यूम गेलं.

व्हॅक्यूम शाबूत आहे का, हे घरी आणल्या दिवशीच बघा. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी पोटावरून हात फिरवा. गळ्यापाशी ऊब लागणारच, पण पोट गरम लागलं तर बाटली परत करा. गार पाणी भरून बाहेर दव धरतं का, अशीही परीक्षा करतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मला ती पटत नाही.

प्रश्न : मैत्रीण म्हणते, बाटलीवर ओला मोजा चढव, पाणी गार राहतं. मग महागाची बाटली कशाला?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे, पण साध्या एकपदरी बाटलीपुरतीच. माठ झिरपतो आणि वाऱ्यावर सुकताना आतली उष्णता घेऊन जातो, तसाच सुती मोजा. लातूरच्या उन्हाळी हवेत हे झकास चालतं आणि सायकलवर वारा आयताच मिळतो. मुंबईच्या दमट हवेत त्यातलं निम्मंही साधणार नाही. मोजा सुकला की पुन्हा भिजवावा लागतो, त्यात थोडं पाणी खर्ची पडतं. मात्र डबल वॉल किंवा व्हॅक्यूम बाटलीवर मोजा चढवू नकोस. जी भिंत उष्णता आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही. गार होईल तो मोजाच.

प्रश्न : ताक किंवा ओआरएस भरलं तर चालेल का?
– एक वाचक, बीड

उत्तर : ताक नको. झाकणाच्या रबरात आंबूस वास बसतो तो जाता जात नाही, आणि ताक आंबून गॅस झाला तर झाकण उडतं. ताक घरी गेल्यावर प्या. ओआरएस चालेल, पण पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. एक लिटरची पुडी ६०० मिलीच्या बाटलीत ओतणारे पुष्कळ आहेत, ते चुकीचं. घरी करायचं तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरी आल्यावर दाबायच्या बाटलीचं तोंड सुटं करून ब्रशने घासा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. गोड पाण्यावर तिथंच काळी बुरशी धरते.