सुपरकपॅसिटरचं किट: फुगलेला कपॅसिटर, तापणारा रेझिस्टर आणि दहा सेकंदांचा फोन

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: किटमध्ये १० फॅरड (चार्ज साठवण्याची क्षमता), २.७ व्होल्टचे दोन सुपरकपॅसिटर (खूप मोठ्या क्षमतेचे कपॅसिटर) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले आहेत, ५ व्होल्टच्या यूएसबीवरून ४.७ ओहमच्या रेझिस्टरमधून ते चार्ज होतात आणि पुढे व्होल्टेज वाढवून फोनला देणारं बूस्ट मॉड्यूल आहे. रेझिस्टरला हात लावता येत नाही, चार्जिंगला लावलेली पॉवर बँक मधेच बंद पडते, फोन लावला तर आठ-दहा सेकंदांत सगळं संपतं. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की एका कपॅसिटरचं डोकं जरा फुगल्यासारखं वाटतंय.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. किट आत्ताच बंद करा. १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडीच्या दोन टोकांना लावून पाच मिनिटं तसाच राहू द्या. स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट करू नका. यांचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ठिणगी उडते आणि धातू वितळतो. रिकामे झाल्यावरही काही वेळाने मीटरवर थोडं व्होल्टेज परत चढलेलं दिसेल. ते स्वाभाविक आहे, पुन्हा एकदा रेझिस्टर लावा. फुगलेला कपॅसिटर काढून टाका, तो परत वापरू नका. बऱ्याच सुपरकपॅसिटरमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल असतं, ते ज्वलनशील आणि विषारी आहे. उग्र वास आला तर आधी खिडकी उघडा.

आता तो फुगला का? तुम्ही म्हणाल, दोन मिळून ५.४ व्होल्टची मर्यादा आणि मी तर ५ च देतोय. माझाही पहिल्या जोडीच्या वेळी हाच हिशोब होता. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली आणि सकाळी खोलीत वास. जोडीवर मीटर लावला तर बरोबर ५.०. मग एकेकावर लावला: एकावर ३.१, दुसऱ्यावर १.९.

कारण सरळ आहे. सिरीजमध्ये दोघांतून सारखाच चार्ज जातो, त्यामुळे ज्याची क्षमता कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त चढतं. छापलेले १० फॅरड प्रत्यक्षात १० असतीलच असं नाही. एक ८ आणि दुसरा १२ निघाला, तर ५ व्होल्टपैकी ३ व्होल्ट त्या आठवाल्यावर. जास्त व्होल्टेजमुळे त्याची क्षमता आणखी घटते, म्हणून पुढच्या वेळी त्याच्या वाट्याला आणखी जास्त येतं. बिघाड असा स्वतःच स्वतःला वाढवत नेतो, आणि पूर्ण जोडीवर मीटर लावणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

बरेच जण सुचवतील की प्रत्येकाला समांतर १ किलोओहम लावा, झालं बॅलन्सिंग. त्याचा उपयोग आहे, पण तो गळतीतला (आपोआप झिरपून जाणाऱ्या चार्जमधला) फरक भरून काढायला. १० फॅरड आणि १ किलोओहम म्हणजे टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) १०,००० सेकंद, पावणेतीन तासांच्याही वर. तुमचं चार्जिंग होतं दोन मिनिटांत. तेवढ्यात हा रेझिस्टर काय सावरणार? १०० ओहम लावले तर चार्ज पंधरा-वीस मिनिटांत नुसताच वाया जातो.

इथे प्रत्येक कपॅसिटरवर स्वतंत्र पहारेकरी लागतो: २.६ व्होल्ट झाले की जास्तीचा करंट बाजूने वळवणारा. सर्किट छोटं आहे. एक टीएलव्ही४३१ (ठरावीक व्होल्टेज झालं की करंट वाहू देणारी छोटी चिप), त्याच्या रेफरन्स पिनला विभाजक म्हणून वर ११ किलोओहम, खाली १० किलोओहम (१.२४ गुणिले २.१, म्हणजे २.६). त्याच्या कॅथोडपासून १०० ओहममधून बीडी१४० या ट्रान्झिस्टरचा बेस, एमिटर कपॅसिटरच्या प्लसला, कलेक्टर मायनसला, बेस आणि एमिटरमध्ये १ किलोओहम. नाव नीट वाचा, साधा टीएल४३१ नको. त्याचा कॅथोड साधारण २ व्होल्टच्या खाली जात नाही, मग २.६ मध्ये ट्रान्झिस्टर उघडायला जेमतेम ०.६ व्होल्ट उरतात आणि तो अर्धवटच चालतो. याच एका अक्षरापायी माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे.

रेझिस्टरच्या गरम होण्याकडे वळू. रिकामा सुपरकपॅसिटर म्हणजे चार्जरच्या नजरेत शॉर्टच. पहिल्या क्षणी ५ भागिले ४.७, म्हणजे एक अँपिअरच्या वर करंट आणि रेझिस्टरमध्ये ५.३ वॉट उष्णता. पॉवर बँक बहुधा त्यालाच घाबरून बंद पडते. रेझिस्टर जास्त ओहमचा घेतला तर तो कमी तापेल, पण वेळ वाढेल, आणि एकूण वाया जाणारी ऊर्जा तेवढीच राहील: स्थिर व्होल्टेजवरून रेझिस्टरमधून भरताना जेवढी साठते तेवढीच जळते, ओहम कितीही असोत.

म्हणून स्थिर करंट. दोन पोटेन्शिओमीटरवालं सीसी-सीव्ही बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं आणि करंट व व्होल्टेज दोन्हींवर मर्यादा ठेवणारं) घ्या आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवा. आउटपुट मोकळं ठेवून व्होल्टेज ५.० वर आणा. मग मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून आउटपुट त्यातून शॉर्ट करा आणि करंट ०.३ वर आणा. पुढे एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, नाहीतर अ‍ॅडॉप्टर काढल्यावर कपॅसिटर मॉड्यूलमध्येच उलटे रिकामे होतील. जोडी ५ फॅरडची, ४.८ व्होल्टपर्यंत चढायला ५ गुणिले ४.८ भागिले ०.३, म्हणजे ८० सेकंद. शेवटचा थोडा भाग हळू भरेल. ०.३ यासाठी की पहारेकरी ट्रान्झिस्टरला जास्तीत जास्त पाऊण वॉटच्या आसपास सोसावं लागेल. छोटा हीटसिंक पुरतो. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपचा करंट सोर्स ५ व्होल्टवर लावू नका, तो स्वतःच सुमारे ३ व्होल्ट खातो.

फोनचं म्हणाल तर तो दोष नाही. ४.८ व्होल्टला या जोडीत जेमतेम ५८ ज्यूल असतात. बूस्ट २ व्होल्टपर्यंत ओढतो असं धरलं आणि त्याचा तोटा वजा केला, तर हातात ४० च्या आसपास. फोन सेकंदाला ५ ज्यूल पितो. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये याच्या दीडशेपटीहून जास्त ऊर्जा असते. ही जोडी ०.१ वॉटच्या एलईडीला सहा-सात मिनिटं छान चालवेल, वीज गेल्यावर घड्याळाचं किंवा मायक्रोकंट्रोलरचं काम सांभाळेल, आणि तेही लाखो वेळा. तिथे ती खरी शोभते.

नवीन कपॅसिटर लावण्याआधी दोन्ही मोजा. एकेकाला २.५ व्होल्टपर्यंत चार्ज करा, १० ओहम, २ वॉटमधून सोडा आणि ०.९२ व्होल्टला यायला किती सेकंद लागले ते बघा. सेकंदांना दहाने भागलं की फॅरड. शंभराच्या जवळपास आले तर माल खरा. पंचाहत्तर आले तर तो साडेसातचा आहे, छापलेलं काहीही असो. जवळजवळ सारखे दोन निवडून जोडी लावा.

सगळं जोडल्यावर पहिल्या चार्जिंगला शेजारी बसा, मीटर जोडीवर न लावता आलटून पालटून एकेका कपॅसिटरवर लावा. एखादा २.६ ला थांबून त्याचा ट्रान्झिस्टर कोमट झाला, तर पहारेकरी काम करतोय. २.७ ओलांडून वर गेला, तर लगेच अ‍ॅडॉप्टर काढा आणि टीएलव्ही४३१ च्या पिना परत तपासा. वेगवेगळ्या पॅकेजमध्ये त्यांचा क्रम बदलतो. दोन्ही कपॅसिटरचे सेकंद आणि शेवटचे व्होल्टेज मला कळवा, मग पुढचं बघू.