ऑपरेशन माझं, मग सही ह्यांची कशाला?

प्रश्न: ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. मला दोन मुली, धाकटी तीन वर्षांची. मला आता फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन करून टाकायचंय, पण सासूबाई म्हणतात एक पोऱ्या व्हऊ दे मंग कर काय करनं ते, आणि हे मधल्यामध्ये गप्प. मागच्या महिन्यात केळीच्या कामाचा खाडा करून एकटीच दवाखान्यात गेले तर काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, म्हणे नवऱ्याची सही आणा. दीर म्हणतो सरकारचा नियमच आहे तसा. खरंच आहे का?

उत्तर: नाही गं बाई. उलट सरकारच्याच नसबंदीच्या नियमांत लिहिलंय की जोडीदाराची संमती लागत नाही, सही तुझी एकटीची. अटी आहेत त्या वेगळ्या: लग्न झालेलं असावं, वय २२ ते ४९ मध्ये, निदान एक मूल वर्षाच्या वरचं. मग सही का मागतात? उद्या नवरा येऊन भांडायला नको म्हणून! भीती त्यांची आणि थांबायचं तू. पुढच्या वेळी काउंटरवर डोकं लावू नकोस, सरळ मेडिकल ऑफिसरला भेट आणि म्हण, नाही म्हणता तर कारण लिहून द्या. लिहायची वेळ आली की बरेचदा सूर बदलतो.

गंमत बघ, आणीबाणीत १९७६ ला ह्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. तेव्हा नको म्हणणाऱ्याला धरून करणार होते, आज तू स्वतःहून आलीस तर तुला परत पाठवतात, म्हणजे ज्याचं शरीर त्याला विचारायचं तेवढं दोन्ही वेळा राहिलं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हटलं, मूल हवं की नको हे ठरवणंही त्यातच येतं.

आता सरकारने कुठेच पडू नये असं माझं म्हणणं नाही हं. सासूबाई उद्या सोनोग्राफीत बघून घेऊ म्हणाल्या तर १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा, तिथे प्रश्न नुसता तुझ्या मर्जीचा उरत नाही, मुलगी जन्मूच द्यायची नाही असा होतो. पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, हा नियम मला खटकतो. खुर्चीसाठी हिशोब शेवटी बाईच्या पोटाचाच होतो. (दिराला राजकारणाची हौस असेल तर त्याच्या बायकोला जप म्हणावं.)

आणि ह्यांना एकदा विचार ना, तुम्हीच का नाही करून घेत? पुरुषाचं बिनटाक्याचं असतं, त्याच दिवशी घरी, फक्त पुढचे ३ महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करायची. बाईच्यात पोटाला छेद द्यावा लागतो. ह्यांनी ऐकलं तर ठीक, नाहीतर तू कर, आणि झाल्यावर आठवडाभर तरी केळीचे घड उचलायला जायचं नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव.