३४ म्हणजे नापास नव्हे

शाळेतल्या बौद्धिक क्षमता चाचणीचा अहवाल घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, ‘वर्गात पहिल्या पाचात असतो, मग इथेच मागे कसा?’ गंगापूर रोडहून आलेल्या, पाचवीतल्या एका मुलाच्या आईनेही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

‘मॅडम, ३४ पडलेत. एका मार्काने नापास.’

‘आई, हे मार्क नाहीत. हा पर्सेंटाइल आहे.’

३५ला पास हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ३४ दिसले की पोटात गोळा येतो. पर्सेंटाइल ३४ म्हणजे त्याच्याच वयाची १०० मुलं रांगेत उभी केली, तर साधारण ३४ जण त्याच्या मागे. त्याचा एकूण गुणांक होता ९४. या चाचणीत सरासरी १०० धरतात आणि ८५ ते ११५ मध्ये जवळपास दोन तृतीयांश मुलं येतात. शिवाय पाचेक गुण इकडेतिकडे धरायचेच असतात.

इथे बऱ्याच पालकांचा जीव भांड्यात पडतो. मी मात्र तिथे थांबत नाही. एकूण गुणांक हा अहवालातला सगळ्यात मुका आकडा, असं माझं ठाम मत आहे. या मुलाचे शब्दज्ञानाचे गुण १०८ आणि कामाच्या वेगाचे ७६. एवढी तफावत असेल तर बेरजेतून मूल दिसत नाही.

चाचणी घेणाऱ्यांनी शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली होती, ‘वारंवार खोडतो.’ मी त्याला चिन्हं उतरवायला दिली. प्रत्येक चिन्ह छापल्यासारखं. जरा वाकडं झालं की खोडरबर.

‘राहू दे की तसंच.’

‘नको. मग आई पान फाडते.’

आई गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘अक्षर सुधारावं म्हणून फाडायचे हो.’

त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मुलाच्या मनात वेग म्हणजे चूक आणि चूक म्हणजे फाटलेलं पान, असं जोडलं गेलं होतं. घड्याळ लावलेल्या चाचणीत त्याची हुशारी खोडरबराखाली गेली. मूल हळू का आहे, हे त्यालाच विचारावं. मोठ्यांच्या अंदाजांपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त सांगून जातं.

घरी एवढंच ठरवलं: रोज दहा मिनिटं, पाच ओळी, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. स्टॉपवॉच लावायचं नाही, नाहीतर जुनी भीती नव्याने बसते. पान कुणीही फाडायचं नाही. शाळेत बाईंना सांगून दहाऐवजी सहा गणितं, पण पूर्ण करायची.

तुमच्या हातात असा अहवाल असेल तर आधी विभागवार गुण आणि निरीक्षणं मागून घ्या. चाचणी कोणत्या भाषेत झाली, त्या दिवशी ताप किंवा अपुरी झोप होती का, चष्मा लावला होता का, हे विचारा. डोळे आणि कान तपासून घ्या. तीच चाचणी लगेच पुन्हा देऊ नका. प्रश्न ओळखीचे होतात आणि गुण फुगतात. निदान वर्षभर जाऊ द्या. वाचताना अक्षरं गाळत असेल किंवा लिहिताना हात दुखत असेल तर कारण वेगळं असू शकतं, त्याची स्वतंत्र तपासणी हवी.

दोन महिन्यांनी आई वही घेऊन आल्या. एका पानावर सात रेघा होत्या आणि गृहपाठ पूर्ण होता.