टेप तुमच्या झाल्या, त्यावरचं गाणं कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ‘वकीलताई, मी पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे. ऑफिसातले माझे एक वडीलधारे मित्र गेल्या वर्षी वारले. जुन्या रॉक बँडच्या कॉन्सर्टना जायचं, त्या रेकॉर्ड करायच्या आणि इतरांशी टेपची अदलाबदल करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांच्या पत्नीनं चारशेच्या वर कॅसेट, काही डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) आणि अकरा मोठी रिळं माझ्या हवाली केली. मी त्यातल्या १४० कॅसेट डिजिटल करून सर्व्हरवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. सर्व्हरच्या खर्चासाठी “मदत करा” असं एक बटण ठेवलं, त्यातून ३८० डॉलर जमले. गेल्या महिन्यात होस्टिंग कंपनीची नोटीस आली. तीन कॉन्सर्ट काढून टाकल्या आहेत, हरकत असेल तर प्रतिनोटीस द्या, असं त्यात आहे. त्याच आठवड्यात एका संग्राहकानं एका रिळाचे दोन हजार डॉलर देऊ केले. बायको म्हणते, सगळं कचऱ्यात टाका. प्रतिनोटीस देऊ का? रीळ विकू का? की खरंच सगळं नष्ट करू?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. एकही कॅसेट टाकू नका, पुसू नका, एकही फाइल डिलीट करू नका. दावा होऊ शकतो हे कळल्यानंतर संबंधित वस्तू नष्ट केल्या, तर न्यायालय त्याला पुरावा मिटवणं समजू शकतं. मग मूळ चुकीपेक्षा ही दुसरी चूक महागात पडते. सर्व्हरवरचं सगळं आजच लोकांसाठी बंद करा, फक्त राहिलेल्या संशयास्पद कॉन्सर्ट शोधत बसू नका. ‘मदत करा’ हे बटण काढा. पण फाइली, नोटीस, ईमेल आणि त्या ३८० डॉलरचा हिशोब जसाच्या तसा जपून ठेवा.

टाकू नका म्हणण्याचं दुसरं कारण कायद्यातलं नाही, आणि ते तुमच्या पत्नीला जरूर सांगा. ग्रेटफुल डेड या बँडची ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली कॉन्सर्ट आज त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या कार्यक्रमांपैकी एक मानली जाते. ती बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपली होती. पुढे त्यांची रिळं एका भाड्याच्या गोदामात पडून राहिली, भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. ज्यांनी ती रिळं उचलली त्यांनी ती फेकली नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्या कॉन्सर्टला २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत स्थान दिलं आणि २०१७ मध्ये बँडनं ती अधिकृतपणे प्रसिद्ध केली. तुमच्या अकरा रिळांत काय आहे हे आज तुम्हालाही पुरतं माहीत नाही. ते कळेपर्यंत तरी ती सांभाळायलाच हवीत.

आता मुख्य गोष्ट. त्या बाईंनी तुम्हाला प्लास्टिक आणि चुंबकीय फीत दिली. त्यांच्याकडे तेवढंच देण्यासारखं होतं. वस्तूची मालकी आणि त्या वस्तूवर टिपलेल्या कृतीचे हक्क वेगळे, असं अमेरिकेचा कॉपीराइट कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. हे मोठ्या खरेदीदारांनाही लागू होतं. कॉन्सर्टचे सुप्रसिद्ध आयोजक बिल ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर त्यांचा ध्वनिचित्रफितींचा सगळा खजिना एका उद्योजकानं रीतसर विकत घेतला आणि त्यातल्या कॉन्सर्ट इंटरनेटवर ऐकवायला, विकायला सुरुवात केली. गाण्यांच्या प्रकाशकांनी २०१५ मध्ये दावा लावला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयानं कॉपीराइट भंगाच्या मुख्य मुद्द्यावर प्रकाशकांच्या बाजूनं कौल दिला. तिथे तर कागदोपत्री पैसे मोजलेले होते. तुमच्याकडे एका मित्राची आठवण आहे. ती मोलाची आहे, पण तिच्यातून हक्क मिळत नाही.

तुमच्या कॅसेटवर निदान दोन थर आहेत. एक थर गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल. तो गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. बँडनं दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल, आणि त्या काळातले बँड कॉन्सर्टमध्ये ते सर्रास करत, तर हा मालक बँडच्या बाहेरचा निघतो. दुसरा थर सादरीकरणाचा, तो बँडचा. याबद्दल तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘१९७५ ची कॉन्सर्ट आहे, तेव्हा असा कायदाच नव्हता.’ अर्धं बरोबर आहे. कलावंताच्या परवानगीशिवाय टिपलेल्या कॉन्सर्टबद्दलचं फेडरल कलम ८ डिसेंबर १९९४ ला आलं. पण ते त्या तारखेनंतरच्या कृत्यांना लागू होतं, आणि तुमचं कृत्य १९७५ चं नाही, या हिवाळ्यातलं आहे. कॉन्सर्ट कधी झाली, टेप कोणत्या देशात केली, यानं फरक पडत नाही. तुम्ही ती कधी वाटली, हे पाहिलं जातं.

या कलमात काळाची मर्यादाही घातलेली नाही. त्यावर खटले झाले आहेत. किस या बँडच्या १९७६ च्या कॉन्सर्टची डीव्हीडी विकणाऱ्यांविरुद्धच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या एका न्यायाधीशांनी २००४ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, कारण संरक्षण कायमचं कसं असू शकतं, असा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयात तो निर्णय फिरला. त्यामुळे २००४ च्या त्या निकालाचा हवाला कुणी दिला तर अर्ध्यावर थांबू नका.

युरोपातल्या नियमाचाही तुम्ही उल्लेख केला आहे. तिथे पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेलं ध्वनिमुद्रण संरक्षणाबाहेर जातं, हे खरं आहे. म्हणूनच २०१२ च्या अखेरीस बॉब डिलन यांच्या कंपनीनं १९६२ च्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच जेमतेम शंभर प्रतींत काढला, हक्क जिवंत राहावेत एवढ्यासाठी. पण तुम्ही अमेरिकेत बसून ती फाइल सगळ्यांना खुली केलीत. इथं इथलाच कायदा लागेल.

घाबरवण्यासाठी नव्हे, पण आकडा तुम्हाला माहीत असावा. कायद्यात ठरवलेली नुकसानभरपाई दर कृतीमागे साधारण ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेलं असेल तर १,५०,००० पर्यंत जाते. कॉन्सर्ट ही एक कृती असं समजू नका. वेळेवर कॉपीराइट नोंदणी झालेलं प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं. तीन कॉन्सर्टची मिळून साठ गाणी धरली तर खालच्या दरानंही ४५,००० डॉलर होतात. आत्ता कुणी एवढे मागितलेले नाहीत. होस्टिंग कंपनीमार्फत आलेली नोटीस म्हणजे दावा नसतो, आणि फाइल खाली घेतल्यावर बहुतेक प्रकरणं तिथंच थांबतात. माझ्याकडे आलेली अशी सगळी प्रकरणं विक्रीतून किंवा खुल्या वाटपातून सुरू झाली होती. घरात बसून जुनी कॅसेट ऐकणाऱ्यामागे कुणी लागलं, असं एकही नव्हतं. अर्थात, १९९४ च्या त्या फेडरल कलमात खासगी वापरासाठी प्रत करण्याची सवलत लिहिलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणून प्रतिनोटीस देऊ नका. प्रतिनोटिशीत तुम्ही शपथेवर लिहून देता की फाइल चुकीनं किंवा ओळखण्यातल्या गफलतीनं काढली गेली, आणि फेडरल न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करता. त्यानंतर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत समोरच्यानं दावा लावला नाही तरच फाइल परत येते. म्हणजे तुम्ही स्वतःहून त्यांना न्यायालयाचा रस्ता दाखवता. ‘ही कॉन्सर्ट कुठे विकत मिळत नाही’ किंवा ‘मी फुकट देत होतो’ ही गफलत होत नाही. तीनपैकी एका बँडनं टेप करायला मुभा दिली होती, असं तुम्ही म्हणता. तसं असेल तरी त्या कॉन्सर्टचा अधिकृत अल्बम नंतर आला आहे का, हे आधी बघा. अशा मुभेत सहसा अट असते की अधिकृतपणे प्रसिद्ध झालेलं वाटायचं नाही.

रीळ विकू नका. इथं मी जराही सैल बोलणार नाही. परवानगीशिवाय टिपलेली कॉन्सर्ट जाणूनबुजून आर्थिक लाभासाठी वाटणं हा फेडरल गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद, शिवाय माल जप्त. तुमच्या मित्रानं प्रत्येक कॅसेटच्या कडेला ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून ठेवलं होतं, असं तुम्ही कळवलंत. टेपर मंडळींचा, म्हणजे कॉन्सर्ट टेप करणाऱ्या चाहत्यांचा, हा जुना दंडक आहे. कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवायचा, त्याहून एक पैसा नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. मात्र केवळ अदलाबदल होती म्हणून कायद्याच्या नजरेत सगळं माफ, असंही नाही. १९९७ पासून कॉपीराइट कायद्यातल्या ‘आर्थिक लाभ’ या व्याख्येत दुसरी कॉपीराइट असलेली कृती मिळणंही येतं. तेव्हा ‘तू मला ती टेप दे, मी तुला ही देतो’ हेही तूर्त थांबवा. ते ३८० डॉलर ज्यांचे ज्यांना परत करता येतील तेवढे करा, आणि कुणाला किती, कधी, याची नोंद ठेवा.

मग या टेपचं करायचं काय? मला विचाराल तर खरं काम इथून सुरू होतं, आणि ते तुम्ही सर्व्हर सुरू करण्याआधी करायला हवं होतं. एक वही करा किंवा स्प्रेडशीट. बँड, तारीख, सभागृह, कोणी रेकॉर्ड केलं, प्रेक्षकांत बसून की साउंडबोर्डवरून (कॉन्सर्टचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रातून), मूळ टेपपासून कितवी प्रत, आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना: बँडची परवानगी आहे का, कुठे लिहिलेली आहे. साउंडबोर्ड आणि प्रेक्षकांतलं रेकॉर्डिंग हा फरक केवळ आवाजाच्या दर्जाचा नाही. साउंडबोर्डची टेप बँडच्या किंवा सभागृहाच्या यंत्रणेतून निघालेली असते. ती तुमच्या मित्राच्या हातात कशी आली, हा प्रश्न कुणीही विचारू शकतं.

ग्रेटफुल डेडनं ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी कॉन्सर्टमध्ये वेगळी जागा ठेवली. ऑलमन ब्रदर्सनीही टेप करू दिलं. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाचा लाइव्ह म्युझिक विभाग २००२ पासून फक्त होकार दिलेल्या बँडचीच रेकॉर्डिंग घेतो. तुमच्या कॅसेटमधल्या या गटाला तिथे रीतसर घर मिळू शकतं. आधी तीच कॉन्सर्ट तिथे आहे का ते बघा. असेल आणि तुमची प्रत मूळ टेपच्या जास्त जवळची असेल, तर तिची किंमत कळणारी माणसं तिथे आहेत. फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात द्या, एमपीथ्री करून नको. पण परवानगी ही कायमची सनद नसते, हेही ध्यानात असू द्या. नोव्हेंबर २००५ मध्ये ग्रेटफुल डेडची रेकॉर्डिंग तिथल्या डाउनलोडमधून अचानक काढली गेली. चाहत्यांचा आरडाओरडा झाल्यावर प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग डाउनलोडसाठी परत आली, साउंडबोर्डवरची मात्र नुसती ऐकण्यापुरती राहिली. होकार देणाऱ्याला तो आवरता घेण्याचाही हक्क असतो, आणि तो त्यांनी वापरला.

दुसरा गट मोठा असणार, ज्यांनी कधी होकार दिला नाही त्यांचा. लेड झेपलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट तर टेप करणाऱ्यांच्या हातातली यंत्रं हिसकावून मोडत. हा गट घरात राहू द्या. कोरड्या, थंड जागेत, स्पीकरपासून लांब. रिळं साध्या मशीनवर लावूच नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही फितींचा थर दमटपणानं चिकट होतो आणि वाजवताना सुटून येतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. यादी तयार झाली की या बँडच्या व्यवस्थापनाला किंवा वारसांच्या प्रतिनिधींना वकिलामार्फत एक साधं पत्र जाऊ शकतं: आमच्याकडे अमुक तारखेची टेप आहे, तुमच्या संग्रहासाठी हवी आहे का? बरेच बँड आता स्वतःच्या जुन्या कॉन्सर्ट स्वतः काढतात. रॉक संगीतकार फ्रँक झापा यांनी तर १९९१ मध्ये स्वतःचेच बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय निघालेली रेकॉर्डिंग, अधिकृत करून बाजारात आणले होते. त्या पत्रात पैशाचा शब्दही नको. हातात टेप, वर नोटीस आलेली आणि पत्रात रक्कम, असं एकत्र आलं की वाचणाऱ्याला ते दबाव वाटू शकतं.

एक काम मात्र लांबवू नका. मित्राच्या पत्नीला भेटा. टेप त्यांनी तुम्हाला स्वखुशीनं, मोबदला न घेता दिल्या, असं दोन ओळींत लिहून घ्या. आणि बरोबर यादी घेऊन बसा. कोणत्या कॉन्सर्टला त्या स्वतः सोबत होत्या, साउंडबोर्डच्या त्या टेप कुणी दिल्या, पाकिटांवरची आद्याक्षरं कुणाची, हे आज सांगणाऱ्या त्याच एक आहेत. त्यांच्या सांगण्यातून एखाद्या टेपची परवानगीची वाट सापडू शकते. नोटिशीचा विषय त्यांच्यापासून लपवू नका, पण त्यांचं नाव कोणत्याही उत्तरात लिहू नका. त्यांनी काहीही वाटलेलं नाही.

होस्टिंग कंपनीला तूर्त एकच ओळ कळवा: नोटीस मिळाली, सर्व साहित्य सार्वजनिक वापरातून काढलं आहे. कारणं, माफी, खुलासा काही नको. यानंतर एखाद्या लॉ फर्मचं पत्र थेट तुमच्या नावावर आलं, तर त्याला स्वतः उत्तर न देता तुमच्या राज्यात सनद असलेल्या कॉपीराइट वकिलाकडे त्याच दिवशी न्या. मला मूळ नोटीस आणि त्या तीन कॅसेटच्या पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. ज्या बँडनं मुभा दिली होती असं तुम्ही म्हणता, त्याच्या पाकिटावर मित्रानं मायक्रोफोनबद्दल काही लिहिलं असेल तर तो भाग जवळून घ्या.