लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. आता माझी वीर्यतपासणी कशाला?

अहो, ती तर आधीच व्हायला हवी होती! मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. घरून नेला तर तासाभरात पोचायला हवा. खानापूरच्या बसच्या भरवशावर राहू नका, बेळगावात लॅबमध्येच द्या.

माझंच सांगतो, मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) भट्टीवर होतो. माझ्या तपासणीत शुक्राणूंची संख्या कमी आली म्हणून डॉक्टरांनी साखर, बीपी, हार्मोन बघितले. उपाशीपोटी साखर 240, म्हणजे मधुमेह! रात्री लघवीला चारदा उठायचो, ते मी चहावर ढकलत होतो. रिपोर्ट खराब आला तरी घाबरू नका, पुन्हा करतात; शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तेवढ्यात तंबाखूची पुडी मात्र सोडा.