चढ, उतार आणि प्रवणता

'नववीला वेग-काल आलेख शिकवताना स्लोपला चढ म्हणावं की प्रवणता? खाली येणाऱ्या रेषेचा चढ म्हणताना जीभ अडखळते,' असं कोथरूडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे.

चढच म्हणा, बाई. दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' असंच शिकवतात. जीभ अडखळते ती रस्त्याच्या सवयीने. खंडाळ्याचा घाट मुंबईहून येणाऱ्याला चढ, पुण्याहून जाणाऱ्याला उतार. आलेखावर मात्र वाटसरू एकच, काळ, आणि तो डावीकडून उजवीकडेच जातो. म्हणून नाव एक पुरतं, बाकीचं काम चिन्ह करतं. उभी असलेली बस 20 सेकंदांत 10 मी/से वेगाला पोचली तर चढ 0.5, ब्रेक लावून 5 सेकंदांत थांबली तर उणे 2. हेच तिचं त्वरण, मी/से² मध्ये.

मला खरा वैताग येतो तो 'रेषा वर गेली म्हणजे वेग वाढला' हे उठता-बसता ऐकून. अहो, कुठल्या आलेखातली रेषा? सकाळी पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन खंडाळ्यापुढे कर्जतकडे घाट उतरत असते, तेव्हाही अंतर-काल आलेखात तिची रेषा चढतच असते. घाटात गाडी सावकाश चालते म्हणून ती जरा कमी तिरपी, इतकंच. आडवी रेषा अंतर-काल आलेखात असेल तर गाडी उभी आहे, वेग-काल आलेखात असेल तर एकसमान वेगाने धावते आहे. अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचावं, रेघ मागून.

आता प्रवणता. हिंदी पाठ्यपुस्तकांतला हा शब्द 'जास्त शास्त्रीय' म्हणून मराठी वर्गात आणणाऱ्यांनी त्याचा अर्थ कधी पाहिला होता का? संस्कृतात प्रवण म्हणजे उतरतं, जिकडे पाणी वाहून जाईल तिकडे कललेलं. यज्ञाची जागा 'प्राक्प्रवण' असावी असं सांगतात, म्हणजे पूर्वेकडे उतरती. ज्या शब्दाच्या हाडात उतार आहे त्याला 'धन' जोडून वर चढणाऱ्या रेषेवर लावायचं! अर्थ काळानुसार बदलतात हे मला सांगू नका. इथे बदलायची गरजच नव्हती, 'चढ' हाताशी होता.

जमिनीचा हा कल पुढे मनाचा कल झाला, आणि तिथून प्रवण मराठीत फार सुरेख रुळला: अवर्षणप्रवण तालुका, अपघातप्रवण क्षेत्र. इंग्रजी 'प्रोन'चं मूळ लॅटिन 'प्रोनुस', त्याचाही अर्थ पुढे, खाली झुकलेलं. 'प्र' आणि 'प्रो' ही भावंडं आहेतच. माझ्या मते हे दोन्ही शब्दही एकाच घरचे. व्युत्पत्तीचे जाणकार इथे हात आखडता घेतात, पण इतकं जवळचं रूप आणि तंतोतंत तोच अर्थ मला योगायोग वाटत नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार आठवा. ब्रेक निकामी झालेले ट्रक तिथे किती जणांवर जाऊन आदळले आहेत! त्या रस्त्याला अपघातप्रवण म्हणताना प्रवण हा शब्द आपल्या दोन्ही अर्थांनी उभा राहतो.