पोटातल्या बाळाला डायफ्रॅमॅटिक हर्निया आहे. कर्ज काढून परदेशात गर्भातच ऑपरेशन करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की २१ वा आठवडा चालू आहे, डावीकडचा हर्निया आहे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक असून त्यातून जठर छातीत चढलेलं दिसतंय आणि नातेवाईक म्हणतायत, 'कर्ज काढा, पण बाहेर न्या.' हे शेवटचं वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

आमच्याकडे हे वाक्य माझ्या थोरल्या दिरांचं. ते न्यू जर्सीत असतात. २०१६ मध्ये सांगलीत माझ्या सोनोग्राफीत हेच निघालं, तर रात्री त्यांचा फोन: "इकडे पोटातच शिवतात, घर गहाण टाका." नवरा म्हणाला, "दादा, कुठे करतात आणि आपली केस घेतील का, एवढं विचारून कळव." ते काही कळवलं नाही. आम्ही बाळंतपण पुण्यात केलं, लेक बरेच दिवस एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) होती, घरी आली. त्यानंतर प्रत्येक लग्नामुंजीत 'पैशाकडे बघितलंत' हे मला ऐकवलं गेलं. पोरीला साधी सर्दी झाली तरी खापर तिथेच.

तर भाऊजी, आणि तुम्हीही, ऐका. पडद्याचं ते भोक गर्भात आता कोणी शिवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक मायकेल हॅरिसन यांनी आईचं गर्भाशय उघडून ते करून पाहिलं होतं, १९९० मध्ये यश आल्याचं प्रसिद्धही झालं. पण बाळाचं यकृत छातीत चढलेलं असेल तर ते खाली घेताना नाळेकडून येणारी रक्तवाहिनी मुडपायची आणि बाळ जायचं. यकृत खाली असलेली बाळं जन्मानंतरच्या उपचारांनीही तेवढीच जगत होती. मग तो मार्ग सोडून दिला. आता करतात ते वेगळं: दुर्बिणीतून बाळाच्या श्वासनलिकेत एक बारीक फुगा बसवतात. गर्भातली फुप्फुसं सतत पाणी तयार करत असतात. वाट बुजली की ते आत साठतं आणि त्या ताणाने फुप्फुस वाढतं. ३४ व्या आठवड्यात फुगा काढतात. भोक तसंच राहतं, ते जन्मानंतरच शिवायचं.

याचा फायदा किती? हॅरिसन यांच्याच गटाच्या २००३ च्या चाचणीत काहीच दिसला नाही: श्वासनलिका बंद केलेली ७३ टक्के बाळं जगली, न केलेली ७७ टक्के. चाचणी लहान होती, २४ बायकांची. मग बेल्जियममधल्या ल्युव्हेनचे डॉक्टर यान डेप्रेस्ट यांनी अनेक देशांतली केंद्रं जोडून मोठी चाचणी केली. तिचे निकाल २०२१ मध्ये आले. फुप्फुस फारच लहान असलेल्या गटात फुग्याने ४० टक्के बाळं घरी गेली, फुग्याशिवाय १५ टक्के. हा फरक खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. फुप्फुस मध्यम प्रमाणात लहान असलेल्या गटात ६३ आणि ५० टक्के, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असं त्यांनीच मांडलं. शिवाय या मध्यम गटात फुगा घातलेल्यांपैकी ६४ टक्के बाळं वेळेआधी जन्मली, न घातलेल्यांपैकी २२ टक्के.

आमची लेक मध्यम गटातली. मी तो निकाल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दिरांचं उत्तर: "१३ टक्के कमी आहेत का?" कमी नाहीत, पण फुगा आत असताना कळा सुरू झाल्या तर तो काढणारं माणूस हाताशी लागतं. त्या चाचणीत फुगा निघू न शकल्याने एक बाळ दगावलंय. म्हणजे आठवडेच्या आठवडे त्या केंद्राजवळ मुक्काम. हे घर गहाण टाकायला सांगणाऱ्याला कुठून माहीत असणार!

पैसा आणि वणवण कुठे करायची ते मी सांगते. बाळंतपण अशाच ठिकाणी करा, जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक एकाच छपराखाली आहेत. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी 'इथेच होऊ द्या, मग ॲम्ब्युलन्सने पाठवू' असं सुचवलं होतं, तिथे मी चक्क भांडले. या बाळांना मास्क लावून हवा दाबायची नसते. ती हवा पोटात, आतड्यांत जाते, आणि तीच आतडी छातीत बसून फुप्फुस दाबत असतात. थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते, पोटात वेगळी नळी. ऑपरेशनची घाईही नसते. पूर्वी जन्मल्याबरोबर टेबलावर घ्यायचे, आता आधी श्वास आणि फुप्फुसांतला रक्तदाब स्थिर करतात, मग शिवतात. आम्हाला ते दिवस फार जड गेले, पण तेच बरोबर होतं.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. तुमच्या बाळाचं फुप्फुस खूपच लहान असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि फीटल मेडिसिनवाल्यांना, म्हणजे गर्भातल्या बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, फुग्याबद्दल जरूर विचारा. तो गंभीर गटात साधारण २७ ते २९ आठवड्यांत घालतात, म्हणजे विचाराला थोडा वेळ आहे. त्याआधी बाळाच्या हृदयाचा इको आणि जनुकीय तपासणी करून घ्या. दुसरा दोष सोबत असेल तर हिशेबच बदलतो.

आणि कर्ज काढा म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढंच विचारा की बाळाचं फुप्फुस जेवढं असायला हवं त्याच्या किती टक्के आलंय आणि यकृत वर आहे की खाली. आमच्या दिरांना ते अजून माहीत नाही, पोरगी तिसरीत गेली तरी.